गावाचा रुपया

घरपट्टीची पावती तुम्ही कधी पाहिली आहे का? पाहिली नसेल, तर आज घरी गेल्यावर आईला विचारा. बहुधा ती लोखंडी पेटीत, रेशनकार्ड आणि विजेच्या बिलांच्या खाली, चार घड्या घालून ठेवलेली असेल. पावतीवर घरमालकाचे नाव आणि घराचा क्रमांक असतो. त्याखाली तीन-चार ओळींत रकमा लिहिलेल्या असतात : घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, पाणीपट्टी. रक्कम फार मोठी नसते. तरी ती भरायची म्हटली, की घरातली मोठी माणसे कुरकुर करतात. "ग्रामपंचायत आपल्याला देते तरी काय?" असे म्हणतात. मग एखाद्या दिवशी कसला तरी दाखला लागतो. ग्रामपंचायतीत जावे लागते आणि तिथे आधी थकबाकीची विचारणा होते. बऱ्याच घरांत घरपट्टीची आठवण होते ती अशा दिवशीच.

या पाठात आपण त्या पावतीवरच्या रुपयाच्या मागे मागे जाणार आहोत. तो घरातून निघून कुठे जातो, कोणाच्या हातात पडतो, गावात किती दिवस राहतो आणि जाताना मागे काही ठेवून जातो की नाही, हे पाहणार आहोत.

आधी एक गंमत सांगतो. मराठी ही तुमची दुसरी भाषा. ती अवघड वाटते, अशी तक्रार मी वर्गात नेहमी ऐकतो. पण ग्रामपंचायतीचे दप्तर उघडले, की तुम्हांला अर्धे शब्द ओळखीचे भेटतील. जमा, खर्च, बाकी, वसूल, रक्कम, हिशेब, मंजूर, तपशील, अर्ज, कायदा, जिल्हा. हे सारे शब्द मराठीने फारसी आणि अरबीतून घेतले आहेत. 'दप्तर' हाही त्यांतलाच. 'महसूल' आणि 'तहसील' हे शब्द तर सख्खे भाऊ आहेत. दोघांचे मूळ एकच, 'हासिल'चे. तहसील म्हणजे मुळात गोळा करणे. जिथे सारा गोळा होतो ती कचेरी पुढे तहसील झाली. म्हणजे पैशाच्या बाबतीत मराठी आणि उर्दू यांचे दप्तर फार जुन्या काळापासून एकच आहे.

आता आपल्या जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसले आहे. या डोंगराच्या उत्तरेला मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हा सखल भाग आहे. इथले पाणी पूर्णा नदीत जाते, पूर्णेतून तापीला मिळते आणि तापीबरोबर अरबी समुद्राला पोहोचते. पैनगंगा मात्र याच डोंगरात उगम पावून पूर्वेकडे निघते. तिचे पाणी शेवटी गोदावरीतून बंगालच्या उपसागरात पडते. एकाच जिल्ह्यात पडलेला पाऊस दोन वेगळ्या समुद्रांना जाऊन मिळतो! पाऊस पडला, पण बांध नसेल, तळे नसेल, तर आपल्या वाट्याला येते फक्त वाहून जाणारे पाणी आणि त्याबरोबर गेलेली माती.

पैशाचेही असेच असते. गावात पैसा येतच नाही असे नाही. कापूस, सोयाबीन, तूर विकल्यावर पैसा येतो. मजुरीचा येतो, पगाराचा येतो, सरकारी योजनांचा येतो. पण आला तसा तो उताराला लागतो. तो किती दिवस अडवता येईल, हा खरा प्रश्न आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका ग्रामपंचायतीने नालीच्या बांधकामावर एक लाख रुपये खर्च केले. गवंडी गावातला, मजूर गावातले, लोखंडी जाळी बनवणारा लोहारही गावातला. यांनी मिळालेल्या रकमेतले साठ टक्के पुन्हा गावातच खर्च केले. किराणा घेतला, दूध घेतले, मुलाचे कपडे गावच्या शिंप्याकडे शिवले. म्हणजे ६०,००० रुपये गावात दुसऱ्यांदा फिरले. शिंपी, दूधवाला आणि दुकानदार यांनीही त्यांतले साठ टक्के गावात खर्च केले, तर आणखी ३६,००० रुपये फिरतील. त्यानंतर २१,६००. ही बेरीज करत गेलात, तर ती अडीच लाखांच्या जवळ जाते. एक लाख रुपये आले आणि गावात अडीच लाखांची उलाढाल झाली.

आता दुसरी बाजू पाहा. काम बाहेरच्या ठेकेदाराला दिले. मजूर त्याने बाहेरून आणले, सामानही बाहेरून आणले. गावात वीसच टक्के फिरले. अशा वेळी एकूण बेरीज सव्वा लाखाच्या पुढे जात नाही. नाली दोन्ही वेळा झाली. कागदावर दोन्ही कामे सारखीच दिसतील. हे आकडे मी हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. साठ टक्के की वीस, हे प्रत्येक गावात आणि प्रत्येक कामात निराळे असेल. पण सुज्ञ वाचकाने वहीवर एकदा ही बेरीज करून पाहावी. मी ती पहिल्यांदा केली, तेव्हा माझाही विश्वास बसला नव्हता.

याचा अर्थ सगळे गावातूनच घ्यावे असा नाही. सिमेंट गावात होत नाही, पाण्याची मोटार गावात बनत नाही. बाहेरची वस्तू चांगली आणि स्वस्त असेल, तर ती घेण्यात शहाणपण आहे. आणि गावातला माणूस आहे म्हणून वाईट काम खपवून घेणे हा तर निव्वळ तोटाच. मी ज्या भागात पूर्वी नोकरीला होतो, तिथल्या एका गावात चौकाचौकांत झगमगीत दिवे बसवले होते. एका पावसाळ्यात ते बंद पडले. दिवे दूरच्या शहरातून आलेले होते. दुरुस्त कसे करायचे, हे गावात कोणालाच ठाऊक नव्हते. विकणाऱ्याचा फोन लागत नव्हता. खांब अजून उभे आहेत. त्यांवर आता यात्रेच्या वेळी पताका बांधतात.

हा पैसा येतो तरी कोठून? महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींचा कायदा १९५८ सालचा आहे. त्याने ग्रामपंचायतीला कर बसवण्याचा अधिकार दिला. घरे आणि जमिनी यांवरचा कर, पाणीपट्टी, जत्रा-यात्रांवरचा कर, आठवडी बाजाराची फी, गाडीतळाची फी, गायरानात जनावरे चारण्याची फी असे अनेक प्रकार त्यात आहेत. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. पुढे राज्यघटनेत ७३ वी दुरुस्ती झाली आणि ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. शेती, पाणी, रस्ते, शाळा, लघुउद्योग, बाजार असे २९ विषय पंचायतींकडे सोपवण्याची यादी तिने घटनेत घातली. पैशाची वाटणी कशी व्हावी हे सांगायला दर पाच वर्षांनी राज्याचा वित्त आयोग नेमावा, असेही तिने ठरवून दिले.

केंद्राचा वित्त आयोगही गावांना पैसे देतो. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या काळात गावांसाठीचा सगळा निधी थेट ग्रामपंचायतींना दिला. पंधराव्या आयोगाच्या काळात महाराष्ट्रात त्यातले ८० टक्के ग्रामपंचायतींकडे आणि दहा-दहा टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेकडे गेले. २०२१ ते २०२६ या वर्षांत त्यातील ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठी राखून ठेवलेली होती. म्हणजे पैसा आला, तरी तो हवा तिथे खर्च करण्याची मोकळीक पूर्ण नसते. घरपट्टीचा रुपया मात्र गावाचा स्वतःचा असतो. त्यावर कायद्याने थोडी बंधने आहेत. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च झाले पाहिजेत. बाकीचा रुपया कोठे जावा, हे गाव ठरवू शकते. म्हणूनच ज्या गावाची वसुली चांगली, त्या गावाला थोडी मान ताठ ठेवून बोलता येते.

आता आठवडी बाजाराकडे वळू. बाजार तुम्ही सर्वांनी पाहिलेला आहे. भाजी घेऊन आलेल्या बाया, फळांच्या ढिगामागे बसलेले बागवान, बांगड्या, भांडी, मसाले, चपला, बकऱ्या. प्रत्येक विक्रेत्याकडून जागेची फी घेतली जाते. ती गोळा करण्याच्या हक्काचा बहुतेक ठिकाणी वर्षाला लिलाव होतो. लिलाव घेणाऱ्याने ठरलेली रक्कम ग्रामपंचायतीत भरायची आणि मग बाजारात फी वसूल करायची, अशी ही पद्धत.

या फीचे पुढे काय होते, यावर बाजाराचे नशीब अवलंबून असते. त्या पैशातून ओटे बांधले, वर पत्रे टाकले, पिण्याच्या पाण्याची टाकी बसवली आणि बायांसाठी स्वच्छतागृह बांधले, तर विक्रेते वाढतात. विक्रेते वाढले की गिऱ्हाईक वाढते. पुढच्या वर्षी लिलावही चढतो. पण फी घेतली आणि चिखल तसाच ठेवला, तर भाजीवाली बाई काही भांडायला येत नाही. ती पुढच्या आठवड्यापासून शेजारच्या गावच्या बाजारात बसते. तिच्याबरोबर तिचे गिऱ्हाईकही जाते. बाजार उठला, हे गावाला कळायला कधी कधी दोन-तीन वर्षे लागतात. आणखी एक गोष्ट. फी दिल्यावर पावती मागणारे विक्रेते मी फार थोडे पाहिले. पावती नसेल, तर दहा रुपयांपैकी किती दप्तरात पोहोचले, हे कोणी सांगावे?

यात्रेचेही असेच आहे. होळीच्या सुमारास बुलढाणा तालुक्यात सैलानी बाबांच्या दर्ग्याची यात्रा भरते. सर्व धर्मांचे लोक दुरून दुरून येतात. अशा दिवसांत वाहनतळ, पाणी, दिवे, सफाई यांचा मोठा भार पडतो. त्याच दिवसांत खेळणीवाले, मिठाईवाले, नारळ आणि चादरी विकणारे यांची वर्षाची मोठी कमाई होते. भार आणि कमाई एकाच दाराने येतात. म्हणूनच यात्रेवर कर बसवण्याची सोय कायद्यात ठेवलेली आहे.

कर देणारा एकीकडे आणि त्याचा लाभ दुसरीकडे, असेही होऊ शकते. त्याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात घडले. १९७२ चा दुष्काळ तुम्ही आजी-आजोबांच्या तोंडून ऐकला असेल. विहिरी आटल्या, जनावरे गेली, शेतात काही उरले नाही. लोक खडी फोडायला गेले. त्या काळात वाटलेल्या सुकडीची चव आठवणारी माणसे अजून आहेत. वि. स. पागे हे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. सरकारने गरिबाला दान देऊ नये, काम द्यावे, असा विचार ते मांडत होते. त्यांच्या कल्पनेचा छोटा प्रयोग सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात आधीच झालेला होता. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. 'मागेल त्याला काम' हे तिचे घोषवाक्य. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. स्त्री आणि पुरुष यांना कामाप्रमाणे सारखीच मजुरी मिळे.

यासाठी पैसा कोणी दिला? शहरातल्या नोकरदारांनी आणि व्यापाऱ्यांनी. १९७५ साली राज्याने व्यवसाय कर बसवला, तो या योजनेसाठी. मोटारगाड्या, विक्रीकर, बागायती जमीन यांवरही जादा आकारणी झाली. जमलेल्या रकमेइतकीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, असे ठरले. हा व्यवसाय कर अजून आहे. माझ्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, असे वर्षाला २,५०० रुपये कापले जातात. पगारपत्रकावरची ती ओळ पाहून मीही पूर्वी कुरकुर करत असे. ती ओळ कोठून आली हे समजल्यावर कुरकुर थोडी कमी झाली. बंद झाली असे म्हणत नाही.

रोजगार हमीच्या कामांत खर्चातला निदान ६० टक्के भाग मजुरीवर व्हावा, असा नियम होता. त्यामुळे पैसा आधी गावातल्या गरीब घरात जाई आणि तिथून दुकानात. शिवाय काम संपल्यावर मागे पाझर तलाव राही, नालाबांध राही, रस्ता राही. १९९० नंतर या योजनेला फळबागांची जोड मिळाली. शेतकऱ्याने आपल्या शेतात आंबा, संत्रा, बोर लावावे आणि खड्डे खणण्याची मजुरी योजनेतून मिळावी, अशी ती सोय होती. २००५ साली केंद्र सरकारने सबंध देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव त्यांच्यासमोर होता. योजनेत दोष नव्हते असे नाही. खोटी हजेरीपत्रके, अर्धवट सोडलेले रस्ते, उशिरा मिळालेली मजुरी, याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत राहिल्या. तरीही दुष्काळात पोट हातात घेऊन मुंबई-पुण्याकडे निघालेल्या कित्येक घरांना या योजनेने गावातच थोपवले.

यानंतरची गोष्ट थेट आपल्या जिल्ह्याची आहे. तिला देशभर 'बुलढाणा पॅटर्न' या नावाने ओळखतात.

रस्ता बांधायचा तर भराव लागतो. भरावाला मुरूम आणि माती लागते. मोठ्या महामार्गाला ती किती लागत असेल, याची कल्पना करा. एरवी ठेकेदार ती एखाद्या टेकडीतून किंवा शेतातून खणून आणतो. टेकडी पोखरली जाते आणि मागे एक निरुपयोगी खड्डा राहतो. दुसरीकडे जुने तलाव गाळाने भरलेले, नाले उथळ झालेले. ते खोल करायला सरकारकडे पैसा नसतो. म्हणजे एका खात्याला माती हवी आहे आणि दुसऱ्या खात्याला माती काढून हवी आहे. पण दोन्ही खाती वेगवेगळ्या इमारतींत बसतात!

बुलढाणा जिल्ह्यात राष्ट्रीय महामार्गांची कामे सुरू झाली, तेव्हा या दोन गरजांची गाठ घालण्यात आली. ठेकेदाराने माती-मुरूम घ्यायचा, तो ठरवून दिलेल्या तलावांतून, नाल्यांतून आणि नदीपात्रांतून. रस्त्याला भराव मिळाला आणि तलाव खोल झाले. खोदाईचा खर्च रस्त्याच्या खर्चातच धरलेला असल्यामुळे जलसंधारणासाठी वेगळा पैसा लागला नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी या पद्धतीचा पुरस्कार केला. २०२० साली केंद्र सरकारने या कामाची दखल घेतली आणि या धर्तीवर राष्ट्रीय धोरण आखण्याची चर्चा नीती आयोगापर्यंत गेली.

यात पाणी किती साठते, याचा हिशेब तुम्हीच करा. १०० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद असा एक तलाव २ मीटर खोल केला. किती माती निघाली? १०,००० घनमीटर. आपल्याकडे मुरूम ब्रासने मोजतात. ही झाली सुमारे साडेतीन हजार ब्रास. एका घनमीटरमध्ये १,००० लिटर पाणी मावते. म्हणजे या एका खड्ड्यात एक कोटी लिटर पाणी साठेल. एका घराला रोज २०० लिटर पाणी लागते असे धरले, तर १०० घरांना ५०० दिवस पुरेल इतके ते आहे. काही पाणी उन्हाने उडून जाईल, काही जमिनीत मुरेल. मुरलेले वाया गेले असे समजू नका. ते जवळच्या विहिरींत उतरते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात तर याची किंमत अधिक आहे. तिथे विहीर खणली तरी पाणी खारे लागते. वरचे, पावसाचे गोडे पाणी साठवणे हाच तिथे मोठा आधार आहे.

२०१७ साली राज्याने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आणली. तिच्यातही हीच युक्ती आहे. तलावातला गाळ काढण्यासाठी लागणारा यंत्रांच्या इंधनाचा खर्च शासनाने करायचा आणि शेतकऱ्याने तो गाळ स्वतःच्या खर्चाने शेतात न्यायचा. २०१८ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात भारतीय जैन संघटनेने यंत्रे पुरवली, डिझेलचा भार शासनाने उचलला आणि ट्रॅक्टर शेतकऱ्यांनी लावले. तळ्याला नकोसा झालेला गाळ हलक्या, मुरमाड जमिनीला सोन्यासारखा असतो.

पण इथे थोडे थांबून विचार करू. बहात्तर सालच्या कामात पैसा मजुराच्या हातात पडत होता. बुलढाणा पॅटर्नमध्ये खोदाई यंत्रांनी झाली. यंत्र शंभर माणसांचे काम एका दिवसात करते. पण ते किराणा घेत नाही आणि शिंप्याकडे कपडे शिवत नाही. म्हणजे हा रुपया खर्च होताना गावात फारसा फिरला नाही. तो फिरेल नंतर, जर त्या पाण्यावर गावाने रब्बीचे पीक काढले, भाजी पिकवली, दुधाची जनावरे पाळली तर. शिवाय तलावात पुन्हा गाळ येणारच. वरच्या शिवारात बांधबंदिस्ती आणि झाडे नसतील, तर काही पावसाळ्यांत तो भरून जाईल. नाला किती खोल खणायचा, यालाही मर्यादा हवी. नुसते खणत सुटले तर काठाच्या विहिरींचेच पाणी नाल्यात झिरपून निघून जाते. माझ्या मते दोन्ही रीती हव्यात : खोल खोदाईला यंत्र आणि बांध-झाडांच्या कामाला माणसांचे हात. पण त्या तळ्याच्या पाण्यावर कोणाचा हक्क, पाणी कोणत्या पिकाला द्यायचे आणि गाळ पुन्हा कोण काढणार, हे ना ठेकेदार ठरवू शकतो ना मंत्री. ते गावालाच ठरवावे लागते.

ते ठरवण्याची जागा म्हणजे ग्रामसभा. आपल्या जिल्ह्याबाहेरचे, पण आपल्यासारख्याच कमी पावसाच्या मुलखातले एक गाव याबाबत प्रसिद्ध आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातले हिवरे बाजार. १९८९ साली पोपटराव पवार तिथे सरपंच झाले. डोंगरावर चर खणणे, बांध घालणे, झाडे लावणे ही कामे गावाने सरकारी योजनांच्याच पैशातून केली. रोजगार हमीही त्यांत होती. ही योजना तर सगळ्याच गावांसाठी होती. वेगळे होते ते ग्रामसभेचे ठराव. शेतीसाठी कूपनलिका घ्यायची नाही. ऊस आणि केळी लावायची नाही. दर वर्षी पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावरून पिके ठरवायची. जसा पैशाचा जमाखर्च, तसाच पाण्याचा. योगायोग असा, की त्याच १९८९ साली दूर ब्राझील देशात पोर्तो अलेग्रे या शहराने एक नवी पद्धत सुरू केली. शहराच्या अंदाजपत्रकातला काही पैसा कोठे खर्च करायचा, हे वस्त्यावस्त्यांतल्या लोकांनी सभेत बसून ठरवायचे. पुढे जगातल्या अनेक शहरांनी ती उचलली. आपल्याकडे ग्रामसभा कायद्याने आधीपासूनच आहे. पण तिथे पुरेशी माणसे जमली नाहीत म्हणून सभा तहकूब करावी लागते, हेही आपल्याला ठाऊक आहे.

गेल्या वर्षी मी नववीच्या मुलामुलींना घेऊन जवळच्याच एका गावच्या ग्रामपंचायतीत गेलो होतो. तिथल्या ग्रामसेवकांनी आम्हांला दप्तर दाखवले. (२०२४ पासून या पदाचे नाव 'ग्रामपंचायत अधिकारी' झाले आहे. गावात अजून सगळे ग्रामसेवकच म्हणतात.) नमुना नऊची वही उघडल्यावर मुले त्यावर अक्षरशः तुटून पडली. प्रत्येकाला आपल्या घराचे नाव शोधायचे होते. एकाच्या अब्बांच्या नावापुढे तीन वर्षांची थकबाकी निघाली. तो लाजून मागे सरकला. ग्रामसेवक हसून म्हणाले, "बेटा, या पानावर तू एकटा नाहीस. मोठमोठ्या वाड्यांची नावेही आहेत."

तेवढ्यात एका मुलीने विचारले, "सर, आमच्या मोहल्ल्यातली नाली कोणत्या पानावर आहे?"

त्या नालीचे पाणी पावसाळ्यात घरात येते, असे ती सांगत होती. ग्रामसेवकांनी दुसरी वही काढली. बराच वेळ पाने उलटली. शेवटी ती ओळ सापडली. काम दोन वर्षांपूर्वीच्या आराखड्यात होते. 'मंजूर' या रकान्यात रक्कम लिहिलेली होती. 'खर्च' हा रकाना कोरा होता.

"हे काम का झाले नाही?" तिने पुन्हा विचारले.

"निविदा निघाली, पण कोणी आले नाही. मग ते मागे पडले," ग्रामसेवक म्हणाले. "आणि ग्रामसभेत कोणी विचारलेही नाही. तुमच्या मोहल्ल्यातून कोण येते सभेला?"

मुलीने थोडा विचार केला. तिच्या घरून कोणीच जात नव्हते. अम्मीला तर ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा असते, हेही माहीत नव्हते. पुढची सभा कधी, असे तिने विचारले. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर, शाळेच्या पटांगणात, असे उत्तर मिळाले. तिने दप्तरातून मराठीची वही काढली. शेवटच्या पानावर आधी उर्दूत आणि मग मराठीत तारीख लिहिली. तिच्याखाली आराखड्यातला नालीचा अनुक्रमांक लिहिला आणि तो बरोबर उतरला आहे का, हे ग्रामसेवकांना दाखवून घेतले.